प्रयोगही आमच्यावर, पैसेही आमचेच

इंदुरातल्या आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचा यंदा हिशोब झाला तर चक्क एक लाख चाळीस हजार उरले, डीजे लावला नाही त्याचा प्रताप, आणि कोणीतरी सुचवलं की हे पैसे मागच्या गल्लीतल्या त्या चार वर्षांच्या पोराच्या इलाजाला देऊ. पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, मान अजून धड सावरत नाही, आणि बाहेरगावच्या एका सेंटरने स्टेम सेल थेरपी, म्हणजे मूळ पेशींचं इंजेक्शन, सांगितलीये, पॅकेज साडेतीन लाखांचं. यात भांडण्यासारखं काय आहे, पण मीटिंग दोन तास चालली आणि पोहे गार झाले. एका बाजूला पुण्याहून सुटीवर आलेला एक इंजिनिअर, त्याचं म्हणणं हे सगळं थोतांड आहे, ताईत बांधण्यासारखं, शिकलेल्या माणसांनी याला पैसे देणं म्हणजे अंधश्रद्धा. दुसऱ्या बाजूला आमच्या काकू मंडळी, त्यांचं म्हणणं तुझं पोर असतं तर कळलं असतं, आई काहीही करते. एवढंच, आलटून पालटून, दोन तास. त्या पोराचे आईबाप मीटिंगला बोलावलेच नव्हते, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मला दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसल्या. "होतं की नाही" यावर वाद चाललाय, पण खरा प्रश्न हा आहे की जे होतं की नाही हे अजून ठरलेलंच नाही ते ठरवायचा खर्च कोणी करायचा आणि त्याचा हिशोब कोणी ठेवायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. मंडळाने त्या इंजेक्शनला एक रुपया देऊ नये. आणि त्याच पोराला उद्या कोणी रजिस्टर्ड ट्रायलमधे, म्हणजे नोंदणी केलेल्या चाचणीत, फुकट घेणार असेल, नियमाप्रमाणे, लेखी, तर त्यांच्या गाडीभाड्याची, राहण्याखाण्याची वर्गणी मी स्वतः दारोदार फिरून गोळा करीन. स्टेम सेलला माझा विरोध नाही, स्टेम सेलच्या बिलाला आहे.

मी डॉक्टर नाही, आयुष्यभर विम्याचे फॉर्म भरले. पण माझ्या ताईची मुलगी, माझी भाची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, आता ती वीस वर्षांची आहे, आणि हे जे पॅकेज आज आमच्या मंडळासमोर आलंय ते आम्ही २०१२ मधे घेऊन बसलोय. त्यामुळे या विषयावर मी जेवढं वाचलंय तेवढं माझ्या स्वतःच्या शुगरवर नाही वाचलं.

आधी आजाराचं थोडं, कारण मीटिंगमधे अर्ध्या लोकांना पोलिओ आणि हे एकच वाटत होतं. मेंदू वाढत असताना, पोटात असताना किंवा जन्माच्या आसपास किंवा पहिल्या एकदोन वर्षांत, त्याला एकदा इजा होते, ती इजा पुढे वाढत नाही पण स्नायूंना हुकूम देणारी जागाच बिघडल्यामुळे हातपाय कडक होतात किंवा आपोआप हलत राहतात. कारणं एक नाही, कोणी फार लवकर जन्मलं, कोणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, कोणाला जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, कोणाची कावीळ वेळेत उतरवली नाही, कोणाच्या मेंदूची घडणच वेगळी. लिटल नावाच्या इंग्रज सर्जनने १८६० च्या सुमारास सगळा दोष अवघड बाळंतपणावर टाकला होता आणि फ्रॉइडने, हो तोच स्वप्नांवाला, तो आधी मेंदूचा डॉक्टर होता, त्याने १८९७ मधे म्हटलं की काही वेळा गडबड आधीच झालेली असते आणि अवघड बाळंतपण हा तिचा परिणाम असतो. आपल्याकडे अजून "डिलिव्हरीत घोळ झाला" याच्या पुढे कोणी जात नाही. मला इथे विचारायचंय ते एवढंच की जिथे इजा पाच प्रकारची तिथे इंजेक्शन एकच कसं?

आणि ते इंजेक्शन काय असतं तेही बघा. पोराच्या कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे बोनमॅरो, काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात, आणि बहुतेक त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून सुई घालून आत सोडतात. ऐकताना वाटतं नवीन पेशी जाऊन मेंदूतली मेलेली जागा भरतात, रस्त्यावरचे खड्डे भरतात तसे. सेंटरचे लोक चित्रही तसंच दाखवतात. पण तसं होत नाही, या पेशींपासून मेंदूच्या नसा तयार होत नाहीत, यातले जे प्रामाणिक संशोधक आहेत तेच सांगतात की फायदा झालाच तर तो त्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी सूज कमी होऊन, बाकीच्या मेंदूला थोडी चालना मिळून होत असावा.

आता इंजिनिअर साहेबांना जे पटणार नाही ते. हे थोतांड नाही. २०२५ मधे जगभरातल्या अकरा अभ्यासांचा डेटा, एकेका मुलाचा वेगवेगळा, एकत्र करून तपासला गेला, चारशेहून जास्त मुलं, आणि त्यात नाळेच्या रक्तातल्या पेशी दिलेल्या मुलांची हालचाल न दिलेल्यांपेक्षा थोडी जास्त सुधारली असं निघालं. ताईतावर असा अभ्यास होत नाही. म्हणून जो कोणी या आईबापांना अडाणी म्हणतो त्याने आधी हे वाचावं. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं यावर काम चाललंय, कोरियात चाललंय, ऑस्ट्रेलियात चाललंय. एवढी डोकी उगाच लागली नाहीयेत.

पण पुढचं वाक्य पण वाचा ना. सुधारणा किती, तर हालचालीच्या १०० मार्कांच्या मोजपट्टीवर दीड मार्काच्या आसपास. कोणाला, तर जास्त करून पाच वर्षांच्या आतल्या आणि आधीच सौम्य असलेल्या, म्हणजे चालू शकणाऱ्या मुलांना. आणि कशाने, तर नाळेच्या रक्ताने. आपल्या इथे विकलं जातंय ते कमरेच्या हाडातलं मगज, तेही शिरेतून न देता मणक्यातून. दोन्हीला स्टेम सेल म्हणतात हे खरं, पण आंबेहळदीला आंब्याचा वास येतो म्हणून तिचा आमरस होत नाही. ड्यूकचा २०१७ चा अभ्यास तर मला तोंडपाठ झालाय, ६३ मुलं, अर्ध्यांना आधी स्वतःच्याच साठवलेल्या नाळेच्या पेशी आणि अर्ध्यांना आधी नुसतं बिनपेशींचं द्रावण, कोणाला काय ते आईबापांना माहीत नाही. वर्षाने मोजलं तर दोन्ही गटांत फरक नाही. पेशींचा डोस जास्त मिळालेली मुलं पुढे दिसली, म्हणून तर पुढचे अभ्यास झाले. आणि ते द्रावण घेतलेल्यांना वर्षानंतर खऱ्या पेशी दिल्या, म्हणजे फसवणूक कोणाचीच नाही. असं करतात. असं करता येतं.

काकूंचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे व्हिडिओ. त्या सेंटरने त्या आईला दाखवलेला, आधी पोरगं आडवं, नंतर बसलेलं. मी त्या व्हिडिओला खोटं म्हणत नाही, आमच्याकडेही तसाच आहे. आम्ही २०१२ मधे अशाच सेंटरला अवंतिका एक्सप्रेसने गेलो, ताई, भाऊजी, भाची, मी, आठ दिवस राहिलो, परत आल्यावर दोन महिन्यांत भाचीची मान सरळ राहायला लागली, आधी वाटी पडायची ती धरायला लागली, ताईने खजराण्याच्या गणपतीला जाऊन मोदक चढवले. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. पण त्या आठ दिवसांत पोरीला रोज चारपाच तास फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच, सगळं मिळालं होतं, पॅकेजमधेच होतं ते, आणि इथे इंदुरात तिला आठवड्यातून दोनदा अर्धा तास मिळायचा, तोही थेरपिस्ट सुटीवर नसेल तर. वर परत आल्यावर ताईने धडाक्याने घरी सगळं चालू ठेवलं कारण एवढे पैसे घातलेत. मग मान कशाने सावरली? सुईने की चार तासांनी की ताईच्या जिद्दीने, की पोरगी साडेसहाची झाली म्हणून? आज इतक्या वर्षांनी पण मला माहीत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या सेंटरलाही माहीत नाही, कारण त्यांनी परत कधी मोजलंच नाही. फोन आला होता एकदा, दहा महिन्यांनी. दुसऱ्या सिटिंगवर डिस्काउंट आहे म्हणून.

मुलं वाढतात हो. सेरेब्रल पाल्सी असलेली पण वाढतात, शिकतात, आपल्या गतीने. कॅनडात ६५७ मुलांना वर्षानुवर्षं मोजून २००२ मधे आलेख काढले, तर दिसलं की या मुलांची हालचालीची जेवढी क्षमता असते त्यातली नव्वद टक्के पाच वर्षांपर्यंत, जास्त त्रासवाल्यांची तर तिसऱ्या वर्षाच्या आधीच येऊन जाते. म्हणजे दोन ते पाच या वयात तुम्ही पोराला काहीही द्या, सुई द्या, शंखपुष्पी द्या, व्हिडिओ आधी-नंतरचा निघणारच. आणि याहून भारी उदाहरण कॅनडातल्याच क्युबेकचं आहे. तिथे आईबापांनी असाच हट्ट धरला होता, मुलांना दाबाच्या खोलीत बसवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, त्याने मेंदू जागा होतो. शेवटी १११ मुलांवर नीट अभ्यास झाला, अर्ध्यांना खरा ऑक्सिजन, अर्ध्यांना किंचित दाबाची साधी हवा. २००१ मधे छापलं. दोन्ही गट सुधारले! सारखेच! साध्या हवेतली मुलं पण बसायला चालायला पुढे गेली. आता यातून कोणी म्हणेल साधी हवा पण औषध आहे, आणि म्हटलंही लोकांनी. मला त्यातून दिसतं ते वेगळं, चाळीस दिवस आई पोराजवळ बसली, गप्पा मारल्या, खेळली, आशेने वागली, आणि मोजणाऱ्याने मन लावून मोजलं. त्या ऑक्सिजनचे व्हिडिओ काढून विकले असते तर आज गल्लोगल्ली त्या खोल्या असत्या. (थोड्याफार आहेतच, तो वेगळा विषय.)

"बरं, फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?" हे आमच्या अध्यक्षांचं. विम्यात पस्तीस वर्षं काढल्यावर हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. स्वतःच्याच हाडातल्या पेशी असल्याने धोका कमी हे मान्य, बहुतेक पोरांना ताप, डोकेदुखी, उलटी एवढ्यावर भागतं, पण फिट्स येऊ शकतात, आल्याचं नोंदलेलं आहे, आणि ज्या पोरांना आधीच फिट्स असतात त्यांना ते किती महाग पडतं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. दुसऱ्यांच्या पेशी वापरल्या तर गोष्ट अजून वेगळी. इस्राएलचा एक मुलगा, त्याला दुसराच मेंदूचा आजार होता, त्याला मॉस्कोला नेऊन गर्भातल्या पेशी टोचल्या, आणि चार वर्षांनी त्याच्या मेंदूत, मणक्यात गाठी निघाल्या, तपासल्या तर त्या त्या दात्यांच्या पेशींच्याच होत्या. २००९ मधे छापलंय. जर्मनीत तर २०१० मधे एक दीड वर्षाचं पोर मेंदूत इंजेक्शन दिल्यावर गेलं आणि मग ते सेंटर बंद पडलं.

पण मला जे उदाहरण सगळ्यात जास्त खातं ते यांच्यातलं नाही, ते अगदी सभ्य औषधाचं आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना तीन दिवस थंड ठेवलं की मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत नीट सिद्ध झालेलं, तिथल्या दवाखान्यांत रोज करतात. सेरेब्रल पाल्सी टाळायच्या मोजक्या सिद्ध उपायांपैकी हा एक. मग भारत, श्रीलंका, बांगलादेशच्या दवाखान्यांत ४०८ बाळांवर हाच अभ्यास केला, २०२१ मधे निकाल आला, आणि थंड केलेल्या बाळांमधे अपंगत्व तर कमी झालं नाहीच, मृत्यू उलट जास्त झाले. थिअरी पक्की, परदेशात यश, हेतू चांगला, तरी आपल्या बाळांना नुकसान. का झालं यावर अजून चर्चा चालते. पण कळलं कशामुळे? मोजलं म्हणून. समजा हेच कोणी पॅकेज करून विकलं असतं, तर जी बाळं जगली त्यांचे व्हिडिओ आले असते आणि जी गेली त्यांचे आईबाप घरी जाऊन रडले असते, मुळातच नाजूक होतं म्हणून.

इथे इंजिनिअरच्या विरुद्ध पार्टीतला एक जण, तो फार्मसीत आहे आणि हुशार आहे, तो म्हणाला की बोनमॅरो ट्रान्सप्लांट पण आधी प्रयोगच होता ना, आज ब्लड कॅन्सरची माणसं जगतायत. मुद्दा जबरदस्त आहे आणि खरा आहे. डोनल थॉमस, अमेरिकन डॉक्टर, त्याने १९५७ मधे सहा पेशंटचं छापलं, सहाच्या सहा गेले, आणि त्याच माणसाला १९९० मधे नोबेल मिळालं. मधली तेहतीस वर्षं त्याने काय केलं? मेलेल्यांची नोंद छापली. जगाने हात टेकले तेव्हा कुत्र्यांवर परत शिकला, मग परत माणसांकडे आला. थॉमसचं नाव घेऊन ज्याला पॅकेज विकायचंय त्याने आधी आपले न सुधारलेले पेशंट किती ते छापावं, मग मी गप्प.

आणि याच ट्रान्सप्लांटची दुसरी गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरला हाच उपाय चालेल असं डॉक्टरांना वाटलं, केमो मोठ्या डोसमधे द्यायची आणि आपल्याच मूळ पेशी परत घालायच्या. विमा कंपन्या म्हणाल्या सिद्ध नाही, तर पब्लिक चिडलं, टीव्हीवर कंपन्या खलनायक झाल्या, १९९३ मधे एका ज्यूरीने एका कंपनीवर आठ कोटी नव्वद लाख डॉलरचा दणका मारला. (मी कंपनीच्या बाजूचा माणूस असून सांगतो, तेव्हा मी असतो तर मी पण त्या बाईच्या बाजूने असतो.) मग काय, सगळीकडे मिळायला लागलं, हजारो बायकांनी करून घेतलं, आणि गंमत बघा, ट्रायलला बायकाच मिळेनात! जे पैसे देऊन बाहेर नक्की मिळतंय ते सोडून चिठ्ठी टाकून मिळेल न मिळेल अशा ठिकाणी कोण जाईल? म्हणून उत्तर यायला १९९९ उजाडलं. उत्तर आलं की साध्या केमोपेक्षा आयुष्य वाढत नाही. फायदा दाखवणारा एक अभ्यास होता, दक्षिण आफ्रिकेतला, तो बनावट निघाला. मधल्या वर्षांत किती जणी उपायानेच गेल्या ते विचारू नका. मला विक्रीबद्दल जे म्हणायचंय ते सगळं या गोष्टीत आहे, विक्री नुसती पैसे नेत नाही, ती उत्तर पण नेते.

आता इंदूरकरांना एक विचारायचंय. ट्रायल म्हटलं की आपल्या गावात लोक दचकतात, आणि दचकायला कारण आहे. २०१० ते २०१२ चं ते प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, आपल्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरीब पेशंटवर, लहान मुलांवर, परदेशी कंपन्यांच्या औषधांच्या ट्रायल्स झाल्या, लोकांना आपण कशावर सही केली हे माहीत नव्हतं, विधानसभेत प्रश्न आले, आणि शेवटी डॉक्टरांना दंड झाला तो प्रत्येकी ५,००० रुपये. पेपर वाचून राजवाड्यावर चहा पिताना माणसं शिव्या घालत होती, की आमच्या पोरांना उंदीर समजतात का. मी पण घालत होतो. इंदुरातूनच स्वास्थ्य अधिकार मंच सुप्रीम कोर्टात गेला, २०१२ मधे, आणि त्या रेट्यामुळे २०१३ पासून देशाचे नियम बदलले, ट्रायलमधे इजा झाली तर फुकट इलाज आणि भरपाई, एथिक्स कमिटीची नोंदणी, दुबळ्या पेशंटची संमती व्हिडिओवर. २०१९ च्या नियमांत ते पक्कं झालं. ही आपल्या गावाने देशाला दिलेली गोष्ट आहे, पोहे-जिलबीपेक्षा मोठी.

आणि त्याच २०१२ मधे मी, राजवाड्यावर शिव्या घालणारा मी, ताईसोबत अवंतिकात बसून भाचीला एका प्रयोगाला घेऊन चाललो होतो. ज्याची नोंद नाही, ज्यात तुलना करायला दुसरा गट नाही, इजा झाली तर भरपाई नाही, व्हिडिओ काढला तो संमतीचा नाही, जाहिरातीचा, आणि फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की परिणामाची हमी नाही. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचा सांगणाऱ्या माणसाने सही केली साक्षीदार म्हणून! तेव्हा कोणी "ट्रायल" म्हटलं असतं तर आम्ही पळून आलो असतो. त्यांनी "थेरपी" म्हटलं आणि आम्ही भाऊजींच्या पीएफमधून पैसे काढले. सांगा मला, उंदराला निदान दाणे तरी फुकट मिळतात, आम्ही तर दाण्याचे पण पैसे दिले. जे फुकट, लेखी, भरपाईसकट होतं त्याची भीती आणि जे विकत, तोंडी, बिनभरपाईचं त्यावर श्रद्धा, हे उलटं डोकं फक्त आमचं नव्हतं, आज मंडळाचं पण तेच चाललंय.

सरकार काय म्हणतं? म्हणायला म्हणतं. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताच्या आजारांत होणारं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं स्टेम सेल म्हणजे संशोधन, फक्त ट्रायलमधे द्यायचं आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. ऑटिझमबद्दल तर २०२२ मधे नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने याला डॉक्टरी गैरवर्तन म्हटलं. पण गाइडलाइन म्हणजे कायदा नव्हे, आणि पेशी फारशा न बदलता त्याच दिवशी परत घातल्या तर ते "औषध" होतं की "प्रोसीजर" या फटीतून अख्खी गाडी जाते.

आता राहिला तो मुद्दा ज्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्या पोराची आई मला पायऱ्यांवर भेटली तेव्हा म्हणाली, काका तुमच्या ट्रायलचं उत्तर येईल तोवर माझा दहा वर्षांचा होईल, मग त्याला काय उपयोग? खरंय. मेंदू लहानपणीच वळतो, आत्ताच म्हटलं ना मी नव्वद टक्क्यांचं. पण वेळ थोडा आहे म्हणूनच तो कशावर घालायचा हे महत्त्वाचं ना? साडेतीन लाख आणि सहा महिने, वर कर्ज फेडायची दोन वर्षं. आणि हेही कबूल करतो की दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे "नुसती फिजिओ करा" म्हणणारे, ते पण साव नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सगळे उपाय लाल-पिवळा-हिरवा दिवा लावून मांडलेत, त्यात पोराला गादीवर झोपवून आपणच त्याचे पाय ओढत राहायचे, जे आमच्या भाचीचं सहा वर्षं झालं, त्याला हिरवा दिवा नाही. हिरवा आहे तो पोराने स्वतः काहीतरी करायचं, त्याला जे हवंय ते, चमचा धरायचा, चेंडू ढकलायचा, पायरी चढायची, खूप वेळा, घरात, खेळत. हात एकीकडचा दुबळा असेल तर चांगला हात काही वेळ बांधून दुबळ्याला कामाला लावायचं. आणि खुब्याचा एक्सरे! या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, सुरवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही. दक्षिण स्वीडनमधे १९९४ पासून अशा सगळ्या मुलांचे खुबे ठराविक काळाने तपासतात, तिथे निखळणं जवळजवळ संपलं. काही शे रुपयांचा एक्सरे. आमच्या भाचीचा पहिला काढला तेव्हा ती नऊची होती आणि उशीर झाला होता, ऑपरेशन करावं लागलं. साडेतीन लाखांची सुई सुचवणाऱ्यांनी, इथल्यांनी पण, तोपर्यंत कोणी एक्सरे सुचवला नव्हता. याचा मला स्टेम सेलपेक्षा जास्त राग आहे, खरं सांगायचं तर.

एक अजून राहिलं. १९६० च्या आसपास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संस्थेची अशीच लाट आली होती, मेंदूला इजा झालेल्या मुलाला टेबलावर पालथं घालून चारपाच माणसांनी डोकं, हात, पाय धरून रांगल्यासारखे हलवायचे, दिवसातून अनेक वेळा, रोज, वर्षानुवर्षं. शेजारीपाजारी पाळ्या लावून यायचे, अगदी आमच्या मंडळासारखे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला १९६८, १९८२ आणि १९९९ असं तीनदा सांगावं लागलं की याला आधार नाही. त्यांची एक चिंता ही होती की एवढं करून जमलं नाही तर आईबापांना वाटतं आपलंच कमी पडलं. ताईने त्या सेंटरला दोन वर्षांनी स्वतःहून फोन केला होता, पुढे काही फरक नाही म्हणून. तिकडून विचारलं, घरी एक्सरसाइज नीट करून घेतली का? ताई अजून कधीकधी मधेच म्हणते, त्या वर्षी मी दिवाळीत आठ दिवस सुटी घेतली होती ना रे.

माझा हिशोब असा आहे. एक लाख चाळीस हजारांत त्या पोराला वर्षभर आठवड्यातून चार दिवस घरी येणारी थेरपिस्ट, मापाची खुर्ची, पायाचे स्प्लिंट, खुब्याचा एक्सरे, आणि नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे अशा मुलांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, निरामय आरोग्य विम्याचा फॉर्म, तो मी फुकटात भरून देतो, मला तेवढंच येतं. सेंटरला एक चिठ्ठी, मी लिहून ठेवलीये, चार प्रश्न. तुमची ट्रायल सीटीआरआयमधे, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, कोणत्या नंबरने नोंदलीये, ती असेल तर पैसे का घेता, आमच्या पोराच्या प्रकारची आणि वयाची किती मुलं एक वर्षानंतर तुम्ही परत मोजली, आणि इजा झाली तर खर्च कोण करणार. उत्तर आलं तर मी माझं मत बदलायला बसलोय.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पोरगं खिडकीतली मांजर बघून हसत होतं, मान पडत होती, परत उचलत होतं, परत पडत होती. आईने चहा दिला आणि विचारलं, मंडळाचं काय ठरलं. मी म्हटलं तुम्ही या की रविवारी, तुमच्याशिवाय कसं ठरवणार. चिठ्ठी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली चौथा प्रश्न पहिला घ्या. घेतला. खजिनदार काकांना सांगून ठेवलंय, चेकवर अजून नाव टाकू नका.